‘आई’ म्हणजे ‘आ गई’: बाहेरून आलेल्या मुलांच्या मराठीबद्दल नागपुरातून एक खुले पत्र

प्रति,
शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन;
तसेच राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि बालभारती, पुणे

सप्रेम नमस्कार.

पूर्व नागपुरातल्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षं प्राथमिकचे वर्ग घेतले. निवृत्त झाले त्याला आता काही वर्षं झाली, पण एक दुपार डोक्यातून जात नाही. त्या दुपारीच खरं तर हे पत्र सुरू झालं होतं.

चौथीतली एक मुलगी फळ्याजवळ उभी राहून वाचत होती. आईवडील छत्तीसगडमधल्या जांजगीरकडचे, एका इमारतीच्या बांधकामावर कामाला. वाक्य साधं होतं: ‘आई बाजारातून आली.’ कुठेही न अडखळता, स्वच्छ आवाजात तिने वाचलं. सहज विचारलं, “आई म्हणजे काय गं?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “आ गई. बाजार से आ गई.”

तिचं उत्तर तसं बिनबुडाचं नव्हतं. हिंदीत ‘आई’ म्हणजे ‘आली’. बाजार तिला कळला होता, येणं कळलं होतं. वाक्यातून फक्त आई नाहीशी झाली होती. “घरी आईला काय म्हणतेस?” असं विचारल्यावर म्हणाली, “दाई.” आणि आपल्या मराठीत दाई कोण, ते तुम्हाला माहीत आहे.

चारच महिन्यांपूर्वी याच मुलीच्या प्रगतिपत्रकावर ‘वाचन: उत्तम’ असा शेरा मी माझ्या हाताने लिहिला होता.

हिंदी पट्ट्यातून आलेल्या मुलाच्या बाबतीत आपण फसतो ते इथेच. लिपी एकच, देवनागरी. तमिळ किंवा बंगाली मूल आलं तर ते पहिल्याच दिवशी अडतं आणि त्याला मराठी येत नाही हे वर्गाला कळतं. छत्तीसगड, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेलं मूल अडत नाही. ते धडाधड वाचतं. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या उद्दिष्टांत तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत असं म्हटलेलं आहे. त्यातलं ‘समजून’ मोजायला वेळ लागतो, ६० शब्द मोजायला मिनिट पुरतं. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग समोर असला की बाई मिनिटच मोजतात. मीही तेच केलं.

आता कायद्याबद्दल. २०२० साली राज्याने सर्व शाळांमध्ये मराठी सक्तीची करणारा कायदा केला. कोणत्याही मंडळाची, कोणत्याही माध्यमाची शाळा असो, मराठी शिकवलीच पाहिजे आणि न शिकवल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड. या कायद्याच्या बाजूने मी तेव्हाही होते, आजही आहे. महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलाला मराठी आली पाहिजे. ती आली नाही तर दवाखान्यात, तहसिलीत, पोलीस ठाण्यात त्याचंच अडतं, आपलं नाही. पण कायद्याने शाळेला शिकवायला भाग पाडलं, आणि पाचवीत अचानक दाखल झालेल्या, कानावर कधीच मराठी न पडलेल्या मुलाला ती शिकवायची कशी, हे कोणी कोणाला सांगितलं नाही. त्यासाठी पुस्तक नाही, तासिका नाही, प्रशिक्षण नाही.

पुस्तकाचं उदाहरण घ्या. बालभारती दोन प्रकारची मराठी पुस्तकं काढते. ‘मराठी बालभारती’ मराठी माध्यमाच्या मुलांसाठी, म्हणजे घरून मराठी घेऊन येणाऱ्यांसाठी. ‘मराठी सुलभभारती’ हिंदी, उर्दू, इंग्रजी वगैरे माध्यमांच्या मुलांसाठी. विचार चांगला आहे. पण माझ्या त्या मुलीला मराठी शाळा जवळ होती म्हणून तिच्या बापाने तिचं नाव मराठी शाळेत घातलं. म्हणून तिच्या हाती पडली चौथीची ‘बालभारती’, जी तिला मराठी येतेच असं धरून चालते. तिचा चुलतभाऊ दोन किलोमीटरवरच्या हिंदी शाळेत पाचवीला बसला. त्याला ‘सुलभभारती’ मिळाली, पण पाचवीची, म्हणजे आधीची चार पुस्तकं झाली आहेत असं धरून चालणारी. दोघंही पहिल्या दिवशी रस्त्याच्या मधोमध उतरवल्यासारखे. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीचं पुस्तक द्यावं, तर त्यातली चिमणी आणि बाहुली पाहून ते शरमेने पुस्तक दप्तरात कोंबतं. आठ ते चौदा वयाच्या, पण मराठीत नवख्या मुलासाठी आपल्याकडे एकही पुस्तक नाही.

कोणी म्हणेल, नागपुरात राहिलं की येईल आपोआप. येत नाही, आणि त्याचं कारण आम्ही नागपूरकर आहोत.

हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, आणि त्या राज्याच्या राजभाषा हिंदी आणि मराठी दोन्ही होत्या. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून गाडीत बसून कामाला येणारी माणसं या शहराने पाहिली. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, जरीपटका त्यांनी वसवला. रेल्वेबरोबर तेलुगू आले, बंगाली आले. हावडा मार्गावरची गाडी राजनांदगावहून काही तासांत इथे पोहोचते. त्यामुळे दोन भाषा तोंडात ठेवणं ही आमची जुनी सवय, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण या सवयीला एक वळण पडलं आहे. समोरचा जरा परका वाटला की आम्ही विचार न करता हिंदीत शिरतो. इतवारीत किराणा घेताना दोन्ही बाजूंनी मराठी माणसं हिंदीत भाव करताना मी पाहिली आहेत. कळमना बाजारात, ऑटोत, दवाखान्याच्या रांगेत हेच. बाहेरून आलेलं मूल धीर करून म्हणतं, “काका, एक पेन्सिल द्या,” आणि काका प्रेमाने म्हणतात, “ले बेटा, पाँच रुपये.” काकांच्या मनात काही वाईट नाही. पण दिवसभरात त्या मुलाने जमवलेलं एक मराठी वाक्य तिथेच संपलं.

हा अनुभव एकट्या नागपूरचा नाही. स्पेनमधल्या कॅटलोनियात कॅटलान भाषा बोलणाऱ्यांचं अगदी हेच होतं. समोरचा परदेशी दिसला की ते स्पॅनिशमध्ये वळतात, आणि मग नवा आलेला माणूस वर्षानुवर्षं कॅटलान ऐकतच नाही. मराठीची तुलना कॅटलानशी करावी का, असा प्रश्न पडेल. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली, ती देशात तिसऱ्या क्रमांकाची भाषा आहे, आणि २०२४ मध्ये तिला अभिजात दर्जाही मिळाला. ती अल्पसंख्याक नाही. पण मोठ्या भाषेच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रादेशिक भाषेची रस्त्यावरची अवस्था नागपुरात आणि बार्सिलोनात सारखीच आहे, म्हणून त्यांनी काय केलं ते सांगते.

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत कॅटलान शाळेतून हद्दपार होती. त्याच काळात स्पेनच्या दक्षिणेतून, अँडालुसियासारख्या गरीब भागांतून लाखो मजूर बार्सिलोनाच्या आसपास येऊन वसले. हुकूमशाही गेल्यावर १९८३ मध्ये कॅटलोनियाने भाषेचा कायदा केला आणि शाळांतून मुलांना कॅटलानमध्येच शिकवायची पद्धत सुरू झाली. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की तिची सुरुवात सांता कोलोमा दे ग्रामेनेत या मजुरांच्या गावात झाली आणि ती मागणी स्पॅनिश बोलणाऱ्या पालकांनीच केली होती. आमच्या मुलांना कॅटलान आली नाही तर ती कायमची मजूरच राहतील, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या वस्तीतले बाप वेगळं काय म्हणतात? त्या मुलीचा बाप मला म्हणाला होता, “मॅडम, इसको मराठी सिखा दो, हमारे जैसा ईंटा नहीं उठाएगी.”

पुढे २००० नंतर तिथे मोरोक्को, पाकिस्तान, दक्षिण अमेरिका अशा दूरच्या देशांतली मुलं मधल्या वर्गांत येऊ लागली. नुसत्या वर्गात बसवून भागत नाही हे लक्षात आल्यावर २००४ पासून त्यांनी शाळाशाळांत स्वागतवर्ग काढले. नवं मूल दिवसाचे काही तास त्या वर्गात भाषा शिकतं आणि उरलेला वेळ, म्हणजे खेळ, चित्रकला, संगीत, आपल्या वयाच्या वर्गात असतं. त्याला वेगळं कोंडून ठेवत नाहीत, आणि वर्गात सोडूनही देत नाहीत. शिकवायला त्याच कामाचे शिक्षक. लाहोरकडून आलेलं पंजाबी बोलणारं पोर बार्सिलोनात कॅटलान शिकतं ते असं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही, आणि तेही तुमच्यापासून लपवत नाही. तिथल्या सरकारच्याच पाहणीनुसार रोजच्या वापरात प्रामुख्याने कॅटलान बोलणारे प्रौढ २००३ मध्ये ४६ टक्के होते, २०२३ मध्ये ते ३२.६ टक्क्यांवर आले. शाळेने भाषा दिली, पण मधल्या सुट्टीत पोरं स्पॅनिशच बोलतात. म्हणून शाळेबाहेरच्या माणसांबद्दल मी आधी लिहिलं. एकट्या शाळेच्या डोक्यावर हे ओझं टाकता येणार नाही.

ब्रिटनमधल्या वेल्सचं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं आहे. २०२१ च्या जनगणनेत तिथे वेल्श येणारे लोक १७.८ टक्के होते, आणि शेजारी इंग्रजी. ग्विनेड या वेल्शबहुल भागात १९८४ पासून नव्याने आलेल्या मुलांसाठी भाषाकेंद्रं आहेत. मूल काही आठवडे, साधारण एक सत्र, केंद्रात फक्त वेल्श शिकतं. गाणी, खेळ, स्वयंपाक, नाटुकली, सगळं वेल्शमधून. मग आपल्या शाळेत परत जातं. प्रत्येक शाळेत वेगळा शिक्षक परवडत नाही तिथे अनेक शाळांना मिळून एक केंद्र चालतं. आपल्याकडे तर शाळांची ‘केंद्रं’, म्हणजे आसपासच्या शाळांचे गट, आधीपासून आहेत! केंद्रप्रमुख आहेत, दर महिन्याची शिक्षण परिषद आहे. फक्त त्या केंद्रात हे काम नाही.

कायद्यातही जागा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ सांगतं की शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि त्याला विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे. केंद्र सरकारच्या आदर्श नियमांत हे प्रशिक्षण किमान ३ महिने आणि जास्तीत जास्त २ वर्षं असावं असं आहे. दुसऱ्या राज्यातून आलेल्या, म्हणजे भाषेपुरत्या शाळाबाह्यच असलेल्या मुलाला यात धरता येईल. नवा कायदा लागणार नाही. एक शासन निर्णय पुरेल.

वर्षाचं गणितही पाहा. विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. छत्तीसगडचं मजूर कुटुंब धान कापून, दिवाळी करून येतं, म्हणजे दुसऱ्या सत्राच्या तोंडाशी. मूल शाळेत बसेपर्यंत डिसेंबर उजाडतो, आणि पेरणीच्या आधी ते गावी परततं. पुढच्या वर्षी कदाचित दुसऱ्या ठेकेदाराबरोबर, शहराच्या दुसऱ्या टोकाला. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते चांगलं आहे. पण त्या कार्डावर या मुलाला मराठी किती येते, कोणते शब्द झाले, कुठे अडतं, याची एक ओळही नसते. दरवर्षी नवी बाई शून्यापासून सुरू करते. निदान तो रकाना तरी वाढवा.

आता शिकवण्याबद्दल दोन गोष्टी, कारण यातच माझं आयुष्य गेलं.

पहिली. छत्तीसगढीत क्रियापदाला लिंग नाही. ‘टूरा जावत हे, टूरी जावत हे’, पोरगा असो वा पोरगी, क्रियापद तेच. त्या मुलाला आपण एकदम तो, ती आणि ते, तीन लिंगांच्या जंगलात सोडतो. ‘तो पुस्तक फाटला’ असं ते म्हणालं की वर्ग हसतो. ळ तर हिंदीत नाही, छत्तीसगढीतही नाही. ‘शाळा’ची ‘शाला’ होते. ‘चाक’मधला च आणि ‘चिमणी’तला च वेगळा, हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, म्हणून आपणही त्याला शिकवत नाही. आणि ‘शिक्षा’! हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘खाली’ म्हणजे तिकडे रिकामं, इकडे खालच्या बाजूला. अशा शब्दांची यादी मी करत गेले, ती पुढे तीनशेच्या वर गेली. ही यादी डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या, अभ्यासक्रमात असायला हवी. तिथे मराठी कशी शिकवायची ते आहे, पण मराठी न येणाऱ्याला मराठी कशी शिकवायची हे मला तरी कोणी शिकवलं नाही.

दुसरी गोष्ट आमच्या बोलीची. वऱ्हाडी-नागपुरीत आम्ही ‘जात आहे’ म्हणत नाही, ‘जाऊन राहिला’ म्हणतो. हिंदी बोलणाऱ्या मुलाला ‘जा रहा है’ वरून ‘जाऊन राहिला’ कडे यायला एक पायरी लागते, ‘जात आहे’ कडे यायला तीन. बाजारात त्याच्या कानावर ‘आलू’ आणि ‘सांभार’ पडतात, पुस्तकात ‘बटाटा’ आणि ‘कोथिंबीर’ येतात. बोलीतून त्याला आत घ्यावं आणि मग प्रमाणभाषेकडे न्यावं, हा सोपा रस्ता. पण आम्हा शिक्षकांनाच वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की ही अशुद्ध भाषा आहे. एका तपासणीच्या वेळी एका मुलाने “सर, मी लिहून राहिलो” असं आत्मविश्वासाने उत्तर दिलं. बिहारहून येऊन त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. मला आनंदाने भरून आलं होतं. साहेबांनी ते वाक्य सगळ्यांसमोर ‘सुधारलं’. तो मुलगा त्या महिन्यात पुन्हा मराठीत बोलला नाही.

याच्या उलट माझी एक चूकही सांगितली पाहिजे. पहिली काही वर्षं मी वर्गात छत्तीसगढी बोलू देत नसे. वाटायचं, तेवढी मराठी लवकर येईल. मुलं गप्प बसली, एवढंच झालं. कॅनडातल्या जिम कमिन्स या अभ्यासकाने स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून मांडलेलं मी फार उशिरा वाचलं: खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते, पण धडा समजून उत्तर लिहिण्याची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात, आणि घरची भाषा पक्की असेल तर तिचा नव्या भाषेला आधारच होतो. वाचल्यावर मी दुसरीच्या मुलांना घरची गोष्ट आधी आपल्या भाषेत सांगायला लावू लागले, मग आम्ही सगळे मिळून ती मराठीत करायचो. मराठी मुलांनाही ‘लइका’, ‘नोनी’, ‘ददा’ हे शब्द आले. पूर्वी ज्यांना नुसतं हसलं जायचं, ती पोरं आता शब्द सांगणारी झाली. नाव आणि नाँव एकच, हे कळल्यावर एक लहानगा किती वेळ हसत होता!

पाच ते सात वर्षं हा आकडा परीक्षेच्या बाबतीत लक्षात घ्या. २०२३ मध्ये इतर मंडळांच्या शाळांना मराठीचे गुण एकूण निकालात न धरता फक्त श्रेणी देण्याची सवलत काही वर्षांपुरती दिली गेली, करोनाचं कारण देऊन. मुलं तयार झाली नव्हती हे त्यात मान्यच होतं. मग मधल्या वर्गात आलेल्या मजुराच्या मुलाला पहिली दोन वर्षं, ते जिथून सुरू झालं तिथून किती पुढे आलं, एवढ्यावर मोजायला काय हरकत आहे? ही सूट कायमची मागत नाही. त्याला शिकवायची व्यवस्था झाली की त्याचीही परीक्षा घ्या, कडक घ्या.

अलीकडे मराठी येत नाही म्हणून माणसांना मारल्याचे व्हिडिओ फोनवर येतात. ते पाहताना मला माझ्या वर्गातले चेहरे दिसतात. मराठीवर माझं प्रेम कोणापेक्षा कमी नाही. पण ज्याला आम्ही कधी शिकवलंच नाही, त्याच्याकडून ती मागायची कोणत्या तोंडाने?

दर डिसेंबरात अधिवेशनासाठी सगळं सरकार नागपुरात येतं. तेव्हा विभागातल्या कोणीतरी एक सकाळ काढावी. पारडी, कळमना, भांडेवाडी, कुठलीही वस्ती चालेल, कुठल्याही बांधकामाजवळची शाळा चालेल. तिसरी-चौथीच्या वर्गात जाऊन बाहेरून आलेल्या मुलाला धडा वाचायला सांगा. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि त्यातल्या एका वाक्याचा अर्थ विचारा, त्याच्या भाषेत सांगायची मुभा देऊन.

नागपूर जिल्ह्यातल्या एका केंद्रात, एका वर्षासाठी, एक स्वागतवर्ग सुरू करा एवढं माझं पहिलं मागणं आहे. एक शिक्षक, एक खोली, आठ ते चौदा वयासाठी एक पातळ पुस्तक. त्या पुस्तकाला सुरुवात म्हणून माझी वही आहे: तीनशेच्या वर शब्द, छत्तीसगढी, हिंदी, नागपुरी आणि प्रमाण मराठी अशा चार रकान्यांत, कुठलं मूल कुठे अडलं त्याच्या नोंदींसह. अक्षर वाचनीय आहे. पहिल्या पानावर ‘आई’ आहे. परिषदेने किंवा बालभारतीने मागितली तर त्याच आठवड्यात पाठवते. तोपर्यंत वस्तीतल्या तीन शाळांतल्या बाईंनी झेरॉक्स मागितल्या आहेत, त्या शाळा उघडायच्या आत पोहोचवायच्या आहेत.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
पूर्व नागपूर